एकवीस लेथ, बावीस कोरणी

काराकोल, ४ नोव्हेंबर

चि. सायकाल,

फोन करू नकोस, मेल लिही. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, आणि मग तुझी आई मागून काहीतरी विचारते आणि मूळ विषय राहतो.

काम असं आहे. अंगणाच्या टोकाला माझा कारखाना आहे. त्यात दोन मशीनं. लेथवर पाळण्याचे दांडे उतरतात, कोरणी मशीनवर पाळण्याच्या फळ्यांवर नक्षी निघते. दोन्हींना तू दिलेले जुने कॉम्प्युटर जोडलेत. यंदा थंडी लवकर आली. घरापासून कारखान्यापर्यंत चाळीस पावलं आहेत, आणि दर वेळी बूट चढवा, कोट चढवा, जाऊन बघा की मशीन कुठवर आलं, परत या, बूट काढा. मला स्वयंपाकघरात शेगडीपाशी बसून दोन्ही कॉम्प्युटरचे पडदे बघायचे आहेत. बस्स, एवढंच.

मी स्वतः प्रयत्न करून पाहिला. घरातल्या राउटरपासून एक केबल ओढली. काही झालं नाही. मग केबल उलटी करून लावली. तरी नाही. एकतीस वर्षं मी ट्रेड स्कूलमध्ये पोरांना लेथ शिकवलं, मला यंत्रातलं कळत नाही असं तू म्हणू नयेस. हा दोष तुझ्या कॉम्प्युटरांचा आहे.

तुझा मामा,
इमानकुल

—

बिश्केक, ६ नोव्हेंबर

मामा,

केबलला सुलटं-उलटं नसतं.

नवी केबल, ती दोन्ही कॉम्प्युटरांना वाटून देणारा एक छोटा डबा आणि त्याची वायर उद्याच्या काराकोलच्या गाडीवाल्याकडे देते. बाजाराजवळच्या थांब्यावरून घ्या. सोबतचा कागद आधी वाचा आणि मग हात लावा. मागच्या वेळी उलट केलं होतं.

थोडक्यात सांगते. तुमचा राउटर घरातल्या प्रत्येक कॉम्प्युटरला एक नंबर देतो. तुमचा लेथ एकवीस, कोरणी मशीन बावीस. लॅपटॉपवर मी पाठवलेला प्रोग्रॅम उघडायचा, एकवीस टाकलं की लेथचा पडदा दिसेल, बावीस टाकलं की कोरणीचा. हे जाळं तुमच्या अंगणापुरतं आहे. रस्त्यावरून कुणी आत येऊ शकणार नाही, आणि इथून मीसुद्धा नाही.

आणि हे फक्त बघण्यासाठी आहे. पासवर्ड तसाच देतेय, बघायचा. तिथे माउस हलवलात तरी काही होणार नाही, तेव्हा बिघडलंय असं मला कळवू नका.

मामींना नमस्कार. त्यांचा फोनही हल्ली लागत नाही.

सायकाल

—

काराकोल, १५ नोव्हेंबर

सायकाल,

केबल कोंबड्यांच्या खुराड्यावरून नेली. कागदात खुराड्याचा उल्लेख नव्हता. तरी नेली. काल दुपारी लेथचा पडदा स्वयंपाकघरात दिसला. मी तुझ्या मामीला, बुरुलचाला, हाक मारली. ती पिठाचे हात घेऊन आली, वाकून बघितलं आणि म्हणाली, "लेथ दिसतोय. त्यात काय, तो तिथेही दिसतो." आणि गेली. या घरात विज्ञानाचं कौतुक एवढंच.

पण हे तुझं बघणं म्हणजे काय सुख आहे? दुकानाच्या काचेतला केक आहे हा. कटर चुकीच्या जागी उतरतोय हे मला डोळ्यांनी दिसतं आणि मी इथे बसून बोट आपटतोय. काल एक फळी अशी वाया गेली. दक्षिणेकडून मागवलेलं अक्रोडाचं लाकूड.

मला चालवायचा पासवर्ड दे. पद्धत ठरवली आहे. बुरुलचा लाकूड बसवील, बाजूला होईल, मला फोन करील, "तयार आहे." मग मी इथून दाबीन. साधी गोष्ट आहे. मार्चपर्यंत अकरा पाळणे द्यायचेत. मुलं काही माझ्या केबलसाठी जन्माला यायची थांबणार नाहीत.

इमानकुल

—

बिश्केक, १७ नोव्हेंबर

मामा,

काल दिवसभरात तुमचे सहा मेल आले. चौथ्यात तुम्ही माझ्या आईला मध्ये आणलंत. पाचव्यात लिहिलंत की लहानपणी तुम्ही मला खांद्यावर घेऊन तळ्यावर न्यायचात. सहाव्यात फक्त "बरं" होतं. तो सगळ्यात वाईट होता.

मी पावाच्या कारखान्यात कॉम्प्युटर बघते. आमच्याकडे पीठ मळायचं यंत्र आहे, माणूस मावेल एवढं. त्याचं झाकण उघडं असेल तर ते वरच्या मजल्यावरून कुणालाही सुरू करता येत नाही, मॅनेजरलाही नाही. मुद्दाम तसं केलंय. जिथून यंत्राशेजारचा माणूस दिसत नाही तिथून यंत्र सुरू करायचं नसतं. हे तुम्ही पोरांना शिकवलं असेल. मला तर नक्की शिकवलंय.

तरीही पासवर्ड खाली देतेय. मी थकले मामा. तुमच्याशी वाद घालण्यापेक्षा पीठ मळणं सोपं आहे.

पण एक काम आजच करा. वीज गेली की तुमचा राउटर सगळं विसरतो. परत आली की जो कॉम्प्युटर आधी जागा होईल त्याला तो एकवीस देतो, दुसऱ्याला बावीस. म्हणजे लेथ समजून तुम्ही कोरणीवर जाल. दोन्हींवर प्रोग्रॅम तोच, पडदा तसाच, वरचं फाइलचं नाव वाचलं नाहीत तर तुम्हाला फरक कळणार नाही. म्हणून राउटरमध्ये जाऊन नंबर कायमचे ठोकून टाकायचे. कसं ते पायरी पायरीने खाली लिहिलंय. नऊ पायऱ्या आहेत. नऊच्या नऊ करा. झालं की कळवा.

सायकाल

—

काराकोल, २ डिसेंबर

सायकाल,

नंबर ठोकले. पुढे.

आता माझं ऐक. तुझ्या जाळ्यात काहीतरी शिरलं आहे. मी कोरणीवर वेग शंभर टक्के लावतो. माझ्या डोळ्यांसमोर तो काटा सरकत साठावर येतो. मी परत शंभर करतो. परत साठ. परवा पाऊण तास आमचं हेच चाललं होतं. शेवटी मी चहा प्यायला उठलो आणि ती फळी साठावरच पुरी झाली.

काल तर कमाल झाली. मी नक्षीची फाइल लावली, मेंढ्याच्या शिंगांची, नेहमीची. बघतो तर कडेला वेलाची एक बारीक रेघ वाढलेली. मी काढली नाही. फाइल कुणी बदलली?

तू म्हणालीस की बिश्केकहून कुणी आत येऊ शकत नाही. तुझ्याखेरीज हे जमणारं माणूस माझ्या ओळखीत नाही. मामाला धडा शिकवायचा असेल तर सरळ लिही.

इमानकुल

—

बिश्केक, ४ डिसेंबर

मामा,

मी नाही. मला सकाळी सात ते संध्याकाळी सात पाव असतो. त्यानंतर कुणाचा वेग साठावर आणण्याची हौस माझ्यात उरत नाही.

तुमच्या मेलवर माझ्या दोन रात्री गेल्या. घरी तसाच जुना कॉम्प्युटर जोडून बघितला. लांबून पडदा बघताना जुनं यंत्र क्वचित अडखळतं, हे खरं. पण ते शंभराचं साठ करत नाही आणि वेल तर नाहीच नाही. वेल काढायला माणूस लागतो.

आता सरळ उत्तरं द्या. माउसवर काही पडलंय का? कीबोर्डावर मांजर बसतं का? मशीन चालू असताना तिथे कुणी असतं का? आणि नऊ पायऱ्यांपैकी नववीत पडद्यावर काय आलं होतं?

सायकाल

—

काराकोल, ५ डिसेंबर

मांजर नाही. माउसवर काही नाही. मशीनपाशी कुणी नसतं. बुरुलचा लाकूड बसवते, फोन करते आणि गोठ्यात जाते. हल्ली तासन् तास गोठ्यात असते. गाय म्हातारी झाली आहे.

नववी पायरी आठवत नाही. बरोबरच आली असणार.

इ.

—

काराकोल, १० डिसेंबर
(जर्दाळूच्या मुरंब्याच्या बरणीखाली, वहीच्या कागदावर)

सायकाल बाळा,

हे कागदावर लिहितेय, कारण कॉम्प्युटरवरचं सगळं हे वाचतात. वाचून झालं की शेगडीत टाक.

वेग मी कमी करते. भूत नाही, मांजर नाही, मी आहे. गाय एकदम ठणठणीत आहे.

ह्यांचा शंभर म्हणजे ट्रेड स्कूलच्या लोखंडाचा शंभर. अक्रोडाला तो सोसत नाही. कटर किंचाळतो, कडा उसवतात. ह्यांना स्वयंपाकघरात ते ऐकू येत नाही, पडद्याला आवाज कुठे असतो? मी शेजारी उभी असते, मला ऐकू येतं. पहिल्या दिवशी हात आपोआप गेला. मग तिकडून हे वाढवायला लागले, इकडून मी कमी करायला. लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली, एवढं लांबलचक भांडण आमचं कधी झालं नव्हतं, आणि त्यांना माहीतही नाही की ते माझ्याशी भांडतायत.

तू म्हणशील मामींना हे कुठून येतं. हे शाळेत शिकवायचे तेव्हा मी डबा घेऊन वर्गाच्या दारात उभी राहायची. तास संपेपर्यंत डबा द्यायचा नाही, असा नियम होता. एकतीस वर्षांत बरंच ऐकलं गेलं. वेल मीच काढला. शिंगं किती वर्षं काढायची?

आता दुसरं. थंडी वगैरे काही नाही. सप्टेंबरात ह्यांना न्यूमोनिया झाला, अठरा दिवस इस्पितळात होते. तुम्हाला कळवायचं नाही अशी मला शपथ घातली. फुप्फुस एका बाजूचं अजून भरलेलं आहे. डॉक्टरीण बाईंनी सांगितलंय, लाकडाचा भुसा नाकात गेला तर पुढच्या वेळी इस्पितळातून परत पाठवणार नाही. फोन का करत नाहीत कळलं ना? चार शब्दांनंतर खोकला येतो.

त्यांना सांगू नकोस. कारखाना आपणच चालवतोय असं त्यांना वाटतं, म्हणून ते सकाळी उठून दाढी करतात.

बरणी परत पाठव.

तुझी मामी,
बुरुलचा

—

बिश्केक, १४ डिसेंबर
(रिकाम्या बरणीत घडी करून)

मामी,

मुरंबा संपला. आईने वाचलं आणि ती दोन दिवस माझ्याशी बोलत नाहीये, जणू मीच लपवलं.

मला तुमचा राग आलाय, तो आधी लिहिते. मामांना वाटतं मशीनपाशी कुणी नाही. म्हणून ते बेधडक दाबतात. आणि तुम्ही तिथे हात घालून उभ्या. हे दोन खोटेपणे वेगवेगळे असते तर चाललं असतं, एकत्र फार वाईट आहेत. मशीनमध्ये बोट जरी न्यायचं झालं तरी आधी लाल बटण दाबा. ते आत अडकून बसतं. ते फिरवून वर काढेपर्यंत घरातून कुणी काहीही दाबलं तरी मशीन हलत नाही. दर वेळी. कचरा एवढासा असला तरी.

आणि त्यांना सांगा. नवीन वर्षापर्यंत थांबते. नाहीतर मी सांगेन.

वेल कसा आहे, फोटो पाठवा.

सायकाल

—

काराकोल, ९ जानेवारी

सायकाल,

हे मी इस्पितळाच्या बाकावर बसून फोनवर टाइप करतोय. बोटं मोठी आणि अक्षरं लहान, चुका झाल्या तर समजून घे.

बुरुलचाच्या डाव्या हाताच्या मधल्या दोन बोटांना लागलं आहे. एकाचं नखाएवढं टोक गेलं. दुसरं शिवलं, सात टाके. ते हलेल असं म्हणतात. ती आत झोपली आहे.

कसं झालं ते लिहितो, तू मला विचारायच्या आधीच सांगून टाकलेलं बरं.

सकाळी नऊला वीज गेली. साडेदहाला आली. बुरुलचा कारखान्यात गेली, दोन्ही कॉम्प्युटर चालू केले, दोन्हींवर फाइली लावल्या, लेथवर दांडा बसवला. मला फोन केला, "लेथ तयार आहे, दाबा." मी एकवीस टाकलं. पडदा आला. वर फाइलचं नाव असतं, ते मी वाचलं नाही. रोज वाचत नाही. दाबलं.

ती लेथपासून लांबच होती. कोरणीपाशी उभी राहून फळीच्या खाचेतला भुसा बोटाने काढत होती. वीज आत्ताच आलीय, काम लेथचं आहे, कोरणी कशी हलेल, असं तिला वाटलं. एरवी लाल बटण दाबल्याशिवाय हात घालत नाही म्हणाली. कुणी शिकवलं विचारलं तर कूस बदलली.

एकवीस कोरणी झाली होती. नऊ पायऱ्यांपैकी मी चार केल्या होत्या. पाचवीला राउटरचा पासवर्ड मागितला, तो माझ्याकडे नव्हता, आणि तुला विचारायची लाज वाटली. मी तुला लिहिलं की ठोकले.

आता जे लिहितोय ते मी कुणाला सांगितलेलं नाही. दाबल्यावर दोन सेकंदांत पडद्यावर लाल पट्टी आली, "मशीन थांबवलं आहे." मला राग आला. म्हटलं, झालं, परत सायकालचं जाळं बिघडलं. मी परत सुरू करायला दाबलं. तीन वेळा दाबलं. मग खिडकी उघडून ओरडलो, "आता काय झालं तुझं?" ती कारखान्याच्या दारात आली. डोक्याचा रुमाल सोडून हाताला गुंडाळला होता. म्हणाली, "काही नाही. तुम्ही थंडीत बाहेर येऊ नका."

तिने उजव्या हाताने ते लाल बटण दाबलं नसतं तर माझ्या त्या तीन वेळांचं काय झालं असतं, हा हिशेब मी सकाळपासून करतोय.

मी बाहेर गेलो. बूट न घालता.

इमानकुल

—

बिश्केक, ९ जानेवारी

मामा,

मामी तिथे असतात हे मला डिसेंबरपासून माहीत होतं. वेग त्याच कमी करत होत्या. वेल त्यांचाच. न्यूमोनियाचंही माहीत आहे. नवीन वर्षाला तुम्हाला सांगणार होते. मग तुमचा शुभेच्छांचा मेल आला, त्यात एकही तक्रार नव्हती, आणि मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात सांगू.

पासवर्ड मी दिला. नववी पायरी विचारून, उत्तर न घेता मीच सोडून दिली. फाइलचं नाव तुम्ही वाचलं नाहीत, तुमची उत्तरं मी वाचली नाहीत.

उद्या सकाळच्या पहिल्या गाडीने निघते. आई पण येतेय, ऐकत नाही. तोपर्यंत कारखान्याचा मुख्य स्विच खाली पाडा. आणि कारखान्यात तुम्ही जायचं नाही. शेजाऱ्याला सांगा.

सायकाल

—

काराकोल, २४ फेब्रुवारी

सायकाल,

मी या पत्रात तक्रार करणार आहे, तेव्हा आधी पाणी पिऊन घे.

तू येऊन दोन्ही नंबर ठोकलेस, माझा चालवायचा पासवर्ड काढून घेतलास, सुरू करायचं बटण कारखान्याच्या भिंतीवर लावलंस. हे सगळं मी मान्य केलं. बघायचं आणि बोलायचं, एवढंच माझ्याकडे ठेवलंस. पण बोलायचं म्हणजे काय? दोन्हीकडे दिसणाऱ्या एका कोऱ्या पानावर मी टाइप करतो, "वेग सत्तर कर." ती तिकडून उत्तर टाइप करते, एका बोटाने, पाच मिनिटांनी, "पासष्ट." काल मी तिला लेथच्या हत्याराच्या कोनाबद्दल सविस्तर लिहिलं, पाऊण पान. उत्तर आलं, "सूप ढवळा." एकतीस वर्षं मी वर्ग सांभाळला. असा विद्यार्थी मला भेटला नाही.

आणि तिचं चुकतही नाही. हा सगळ्यात मोठा त्रास आहे. मी सकाळी सगळं बघतो, काहीतरी सापडेल म्हणून. परवा एक सापडलं, कटर अर्धा मिलिमीटर वर लावला होता. मी लिहिलं. तिने लिहिलं, "मुद्दाम. बोटाने बघते, गुळगुळीत लागेल." बोट म्हणजे ते, टाके घातलेलं. त्याला आता अर्धंच कळतं म्हणते, म्हणून ती दोनदा बघते.

आमचं बोलणं झालं, तुला वाटत असेल तसं नाही. मी विचारलं, "आधी का नाही सांगितलंस?" ती म्हणाली, "तुम्ही कधी विचारलंत?" मी म्हटलं, "तू कधी विचारू दिलंस?" मग तिने हात पुढे केला, पट्टी बदलायला. पट्टी मी बदलतो. ते काम मला जमतं.

खोकला कमी आहे. डॉक्टरीण म्हणाली, एप्रिलमध्ये बघू. तुझ्या आईला सांग, रोज फोन करून मला खोकून दाखवायला लावू नकोस.

नऊ पाळणे झाले. आज नवव्याचा माणूस आला, नारीनहून, बर्फातून जुनी गाडी चालवत. नात झाली आहे त्याला, पहिली. चहा दिला. पाळणा त्याने उलटापालटा केला, कडेच्या वेलावरून अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवला. मग वर बघून विचारलं, "याचे कारागीर कोण?"

मी सवयीने उठून उभा राहिलो. आणि चहाची किटली हातात घेऊन दारातून येता येता बुरुलचा म्हणाली, "मी."

तो माणूस माझ्याकडे बघायला लागला. मी पुन्हा खाली बसलो, आणि त्याला म्हटलं, "बघताय काय, किटली घ्या त्यांच्या हातातून. त्यांचं बोट दुखतं."

तुझा मामा,
इमानकुल